मधल्या बोटाची शाई

दाजी चौघुल्यांनी शाळा समितीच्या बैठकीत कर्सिव्ह बंद करण्याच्या बाजूने हात वर केला, तेव्हा त्या हाताच्या मधल्या बोटाला निळी शाई लागलेली होती.

ती बाळारामशेठच्या नजरेतून सुटली नाही. बाळारामशेठ समितीचे अध्यक्ष. त्यांची गोडाऊनं दाजींच्या गोडाऊनांना लागून होती. शेजारच्याचं काय चाललंय हे बघायची जुनी सवय, बांध जाऊन कंपाउंडची भिंत आली तरी गेली नव्हती.

"दाजी, बोटाला काय लागलंय?"

"अॅग्रिमेंट व्हतं सकाळी. अंगठा दिला."

"तुझा अंगठा मधल्या बोटाला असतो काय?"

समितीतला महादू हसला. दाजींनी वर केलेला हात तसाच ठेवून फक्त मधलं बोट दुमडलं. त्यामुळे हाताचा आकार असा झाला की मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या मॅडमनी नजर खिडकीकडे वळवली.

वडप्याची ही इंग्लिश मीडियम शाळा दाजींच्याच जमिनीवर उभी होती. हायवेच्या कडेची भाताची खाचरं जाऊन तिथे गोडाऊनं आली, त्याच भरात गावाला एक शाळाही हवीशी वाटली होती. पण माणसं हिशेबी. शाळेच्या हॉलला त्यांनी दाराऐवजी शटर बसवून घेतलं. शाळा चालली तर हॉल, न चालली तर गोडाऊन. शाळा चालली, शटर राहिलं. रोज सकाळी प्रार्थनेआधी ते वर जाताना असा काही आवाज होई, की पहिलीतली पोरं कोणी न सांगता सावधान उभी राहत.

समिती चौघांची. दाजी चौथीपर्यंत शिकलेले, बाळारामशेठ तिसरीपर्यंत, महादू दुसरीपर्यंत आणि ट्रान्सपोर्टवाला सुमित दहावी पास. महादूला कोणी शेठ म्हणत नसे, कारण त्याचं गोडाऊन एकच होतं. चौघांच्या इयत्तांची बेरीज एकोणीस, त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या सुमितच्या. त्यामुळे शिक्षणाच्या बाबतीत काही अडलं की तिघे सुमितकडे बघत आणि सुमित आपल्या मोबाइलकडे बघे.

आज अडलं होतं ते कर्सिव्हवर. तिसरी-चौथीला इंग्रजी अक्षरं एकमेकांना जोडून लिहायचे आठवड्याला चार तास होते. ते काढून तिथे कम्प्युटर आणायचा, असा बाळारामशेठचा ठराव होता.

"अक्षराला अक्षर जोडून मिळतं काय?" ते म्हणाले. "माझ्या गोडाऊनला कंपनीचे एवढे साहेब येतात. एकाच्या तरी हातात कधी पेन बघितलं? सगळं टाइप करून आणतात. आणि आपली पोरं चार रेघांमधी वळवळ काढत बसलीत."

कर्सिव्ह शिकवणाऱ्या धम्मदिना मिस भिंतीशी उभ्या होत्या. भिवंडीहून सहा सीटर रिक्षाने येत. नेमणूक तासांवर. तास गेले की मिस गेल्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच कोणी बोलत नव्हतं.

"शेठ, जोडून लिहिताना मुलाला पुढचं अक्षर आधीच मनात आणावं लागतं," मिस म्हणाल्या. "हात थांबत नाही, म्हणून डोकंही थांबत नाही."

"आमच्या महादूचं तोंड थांबत न्हाय. त्याचं डोकं चाललंय कधी?"

"मी काय बोललो आता?" महादू म्हणाला.

"तेच सांगतो."

मिसनी पिशवीतून एक चार रेघी वही काढली आणि टेबलावर ठेवली. "ही आपल्याच शाळेतल्या चौथीच्या मुलीची घरच्या अभ्यासाची वही आहे. एकदा बघा, मग काय ते ठरवा."

वही हातोहात फिरली. निळ्या शाईत ओळीमागून ओळ गेली होती. एकही शेपूट रेघ सोडून खाली गेलेलं नाही, एकही टोक रेघ चुकवून वर गेलेलं नाही. कोणाला एक अक्षर वाचता येत नव्हतं. सुमितला छापील इंग्रजी लागायचं, पण अक्षरांनी एकदा हातात हात घातले की त्याचाही नाइलाज होई. तरी वहीकडे बघून चौघेही गप्प झाले. चौघांतला एक तर फारच गप्प झाला.

"नाव कुणाचं हाय?" बाळारामशेठनी विचारलं.

"ऋतिका भावेश चौघुले."

"दाजी, तुझी नात की," महादू म्हणाला. "घराण्यात न्हाय कुणाचं असं अक्षर."

"आईवर गेली असंल," दाजी म्हणाले. हात एव्हाना खाली येऊन लेंग्याच्या खिशात गेला होता.

बाळारामशेठनी वही दोनदा पुढून आणि एकदा मागून बघितली. दाजींच्या नातीचं कौतुक दाजींच्या तोंडावर मोडून काढणं बरं दिसलं नसतं. भिंत एकच होती. "असं करू," ते म्हणाले. "येत्या शनिवारी पोरीला इथं बोलवा. आमच्यासमोर फळ्यावर लिवू दे. असंच निघालं तर तास ऱ्हातील. न्हाय निघालं तर कम्प्युटर."

"चालेल," मिस म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

दाजींना मात्र खिशातल्या खिशात घाम फुटला. कारण त्या वहीतली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतची अक्षरं त्यांची होती.

हे सुरू झालं ऋतिकाच्या कांजिण्यांमुळे. वर्षापूर्वी ती पंधरा दिवस घरी होती आणि पंधरा दिवसांचा अभ्यास साचला होता. पोरगी रडायला लागली तेव्हा दाजी म्हणाले, "आन इकडं. तू सांग, मी वढतो." पहिल्या ओळीतच त्यांना कळलं की हे आपल्याला येतं. लहानपणी खारबावला मामाकडे खाडीच्या कडेला बसून ते जाळी विणायला शिकले होते. सूत न तोडता गाठ, गाठीतून फास, फासातून पुढची गाठ. हेही तेच होतं. फक्त यात मासे येत नव्हते.

कांजिण्या गेल्या, पण दाजींचा हात वहीवरून उठेना. खाचरं होती तेव्हा या हातांना दिवस पुरत नसे. आता भाताच्या जागी पत्र्याची गोडाऊनं होती, गोडाऊनांचा कारभार मुलाकडे, भावेशकडे होता. दाजी गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि एखादी गाडी मागे घेताना 'आन, आन' म्हणाले, तर वॉचमन म्हणे, "सेठ, आप बैठो. हम देखता है." बसून बसून बोटं जड झाली होती. दुपारी तीन ते चार, सगळे झोपलेले असताना, चार रेघांच्या मध्ये ती पुन्हा हलकी होत.

वर मिसनी एक ओळ लिहून दिलेली असे. तिच्याखाली दाजी बारा वेळा तीच ओळ उतरवत. ओळीत काय लिहिलंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. जाळं विणणारा मासळीचं नाव विचारत नाही.

वही स्वतःची घेता आली असती. पण साठी उलटलेल्या माणसाने वडपे नाक्यावर चार रेघी वही मागितली असती, तर संध्याकाळच्या आत ती बातमी अंबाडीला पोचली असती. शिवाय दाजींचा बाणा सगळ्यांना माहीत होता. ते कुठल्याही कागदावर सही करत नसत, अंगठा देत. "सही बदलता येते. अंगठा न्हाय," हे त्यांचं वाक्य रजिस्ट्रेशनच्या ऑफिसातले कारकून एकमेकांना ऐकवत. असा माणूस गुपचूप इंग्रजी गिरवतो म्हटल्यावर राहिलं काय? म्हणून तर त्यांनी कर्सिव्हविरुद्ध सगळ्यांआधी हात वर केला होता. चोराने सगळ्यात मोठ्याने चोर चोर ओरडावं, तसा.

आता हिशेब दोन्हीकडून बुडीत होता. कर्सिव्ह गेलं, तर तीन ते चार हा तास जात होता. राहायचं असेल, तर शनिवारी ऋतिकाला तसं लिहिता यायला हवं होतं. आणि ऋतिकाचं स्वतःचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवलेली कोंबडी वहीवरून पळत गेल्यासारखं.

त्या संध्याकाळी दाजींनी नातीला खोलीत घेतलं आणि दार लावलं.

"बस. लिव."

"मला डान्स क्लासला जायचंय."

"शनिवारपर्यंत डान्स बंद. तुझी मिस जाईल नोकरीवरनं."

"मग तुम्ही लिहा ना. तुम्हीच लिहिता."

"फळ्यावर तुना लिवायचंय. ही ओळ घे. काय लिवलंय ह्यात?"

"ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी."

"म्हंजे?"

"म्हणजे खरं बोलणं सगळ्यात चांगलं."

दाजींनी वहीतल्या आपल्याच जुन्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बरं. त्या शेवटच्या अक्षराची शेपूट नीट वळव. गाठ मारल्यासारखी. खाली जायचं, फास घ्यायचा, वर यायचं. हात उचलायचा न्हाय."

"आजोबा, तुम्हाला वाचता येत नाही आणि तुम्ही मला शिकवताय."

"तुना वाचता येतं आणि लिवता येत न्हाय. दोघं मिळून एक माणूस झाला. लिव."

सोमवारपासून बुधवारपर्यंत हा प्रकार चालला. ऋतिकाने एका ओळीला एक कुरकुऱ्यांचं पाकीट असा दर लावला. पाकिटं वाढली, अक्षर होतं तिथेच राहिलं. बोटांना लागलेला मसाला मात्र वहीला लागला. बुधवारी तिने पहिल्यांदाच सगळं पान स्वतः लिहून नेलं, तेव्हा दाजींनी ते बघून डोळे मिटले.

दाजींच्या पत्नी राहीबाई हे सगळं दाराबाहेरून बघत होत्या. रात्री जेवताना भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "आवो, पोरीचा जीव कशाला खाता? लिवणाऱ्यानं लिवलं म्हनून सांगा आणि मोकळे व्हा."

दाजींचा घास हातातच राहिला. "तुना कुणी सांगितलं?"

"सदऱ्याच्या बाहीला रोज शाई असते. ती मी धुते. लपवायचं व्हतं तर काळा सदरा शिवायचा."

गुरुवारी दुपारी तीन वाजता दाजींनी सवयीने वही उघडली. आता आपण लिहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. फक्त बघायची होती. कोंबडीच्या पायांचं ते पान संपलं होतं आणि त्याच्यापुढे, नव्या पानाच्या पहिल्याच ओळीवर, लाल शाईत मिसच्या हातची एक ताजी ओळ होती.

दाजींनी चष्मा पुसला. रोजच्या ओळी मिस सावकाश, मुलांसाठी लिहीत. ही ओळ झपाट्यात लिहिलेली होती आणि म्हणूनच तिला वेगळंच पाणी होतं. अक्षरं पुढे झुकलेली. एक फास तर असा सुटलेला, की खारबावच्या मामांनी पाठ थोपटली असती. ओळीच्या मध्यावर एक नवीनच आकडा होता. गळासारखा वाकवलेला आणि खाली टिंब. असला आकडा या वहीत आजवर आला नव्हता.

नवा धडा, दाजींना वाटलं. अवघड आहे. म्हणूनच मिसनी लाल शाईत दिला असणार.

पुढचा तास कसा गेला त्यांना कळलं नाही. ओळ बारा वेळा उतरली. गळ पहिल्या तीन वेळा जरा आखूड झाला, चौथ्यापासून असा जमला की त्याला खेकडासुद्धा लागला असता. चार वाजता त्यांनी टोपण लावलं, वही दप्तरात सरकवली आणि आपण काय ठरवलं होतं ते त्यांना आठवलं. पण तोवर ऋतिका उठली होती. शुक्रवारी वही शाळेत गेली. ऋतिकाने ती उघडूनही बघितली नव्हती. न बघता पुढे सरकवायची रीत तिने वडलांकडून उचलली होती. शाळेच्या डायरीत मिस जे काही इंग्रजीत लिहीत, त्याच्याखाली भावेश न वाचता सही करी. गोडाऊनच्या बत्तीस पानी अॅग्रिमेंटवर तो तशीच करायचा, तिथे डायरी ती काय.

शनिवारी दहा वाजता शटर वर गेलं. टेबलामागे बाळारामशेठ, महादू, सुमित आणि कडेला दाजी. मोठ्या मॅडम खुर्चीत. धम्मदिना मिस फळ्याजवळ, हातात तीच वही घट्ट धरून. त्यांचा चेहरा दाजींना गेल्या वेळेसारखा उजळलेला दिसला नाही. त्या आज येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातांकडे बघत होत्या.

ऋतिकाच्या हातात खडू दिला गेला. तिने एकदा आजोबांकडे बघितलं आणि लिहायला सुरुवात केली. पहिलं अक्षर मोठं झालं. दुसरं त्याच्या काखेत शिरलं. तिसऱ्या शब्दापर्यंत ओळ फळ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे चढायला लागली, आणि तिथे तिचा हात पोचेना.

बाळारामशेठ खुर्चीत मागे रेलले.

"हेच का ते?"

"पोरगी घाबरली असंल," महादू म्हणाला.

"घाबरल्यानं अक्षर थरथरतं, महादू. बदलत न्हाय." बाळारामशेठ मिसकडे वळले. आवाज अगदी मऊ होता. गाळा रिकामा करून घेताना भाडेकरूशी ते याच आवाजात बोलत. "मिस, वही पोरीनं लिवली न्हाय, हे तर दिसलं. मंग कुणी लिवली? दाजीच्या घरात इंग्रजी लिवणारं कोण न्हाय. भावेशला सहीपुरतं येतं, करिष्मा सूनबाई मराठी शाळेतली. ऱ्हाता ऱ्हायलं कोण?"

मिसना त्याचा अर्थ कळायला क्षणभर लागला. मग त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "शेठ, मी नाही लिहिली."

"तास जायचे व्हते. तास कुणाचे व्हते?"

"तास माझे होते. अक्षर माझं नाही."

"मॅडम, तुमचं काय म्हणनं?"

मोठ्या मॅडम म्हणाल्या की समिती जे ठरवेल ते. त्या नेहमी हेच म्हणत.

दाजींनी समोर बघितलं. एका बाजूला ऋतिका होती, खडू पोटाशी धरून. दुसऱ्या बाजूला मिस, वही पोटाशी धरून. आणि स्वतःचा हात पुन्हा खिशात गेलेला. त्यांनी तो बाहेर काढला.

"मी लिवली," ते म्हणाले.

"काय?"

"वही. मी लिवली. एक वर्ष झालं, रोज."

आधी महादू हसला. मग सुमित. बाळारामशेठ हसले नाहीत, त्यांनी दाजींच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दाजी, नातीसाठी माणूस खोटं बोलतो. मीबी बोललो असतो. पण जरा पटंल असं बोल. तू अॅग्रिमेंटला अंगठा देतोस, बाबा."

"अंगठा मी बाण्यानं देतो."

"बरं. सुमित, ती वही दे ह्याला. दाजी, एक ओळ वाचून दाखव."

"मना न्हाय वाचता येत."

आता मोठ्या मॅडमसुद्धा हसल्या. "ज्याला वाचता येत नाही, तो लिहील कसा?" त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे त्यांचं पहिलं स्वतंत्र मत होतं, आणि तेही चुकीचं निघणार होतं.

साठ वर्षांच्या आयुष्यात दाजी खूपदा खोटं बोलले होते. सर्व्हेवाल्याशी, तलाठ्याशी, राहीबाईंशी. दर वेळी लोकांनी विश्वास ठेवला होता. एकदा खरं बोलले, तर हॉलभर कोणी मानायला तयार नाही. ते उठले, ऋतिकाच्या हातातला खडू घेतला आणि फळ्यापाशी गेले. रेघा नव्हत्या. काय लिहायचं हाही प्रश्न होता. वर्षभराच्या ओळी बघून उतरवलेल्या, एकही पाठ नव्हती. ताजी होती ती फक्त गुरुवारची, गळवाली.

त्यांनी खडू टेकवला. शब्द संपेपर्यंत हात उचलला नाही, दुसरा शब्द सुरू केला. गाठ, फास, गाठ. मध्ये गळ आला, तो एका वळशात निघाला, खाली टिंब पडलं. बाळारामशेठचं तोंड जे उघडलं ते उघडंच राहिलं. फळ्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओळ गेली आणि शेवटच्या शेपटाला दाजींनी जरा जास्तच झोक दिला, कारण आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

पाठीमागून ऋतिकाचा आवाज आला. "आजोबा, हे काय लिहिलंत?"

"मना काय माहीत? तुझ्या मिसनी दिलेला धडा."

"काय लिवलंय?" महादूने विचारलं. तिघांनी सुमितकडे बघितलं. सुमितने मोबाइल काढला.

धम्मदिना मिसनी फळ्याकडे बघितलं, मग दाजींच्या मधल्या बोटाकडे. त्यांनी वही उघडून शुक्रवारचं पान टेबलावर पसरलं. वर एक लाल ओळ, खाली बारा निळ्या.

"हा धडा नव्हता, काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शनिवारच्या तयारीसाठी ऋतिकाला मी पहिल्यांदाच वर्गात फळ्यावर लिहायला लावलं, तेव्हा मला शंका आली. म्हणून मी घरच्यांना शेरा लिहिला. 'हे अक्षर कोणाचं आहे? त्या व्यक्तीला मला येऊन भेटायला सांगा.' तुम्ही तो बारा वेळा लिहून परत पाठवलात."

दाजींनी फळ्यावरची आपली तेरावी ओळ एकदा डावीकडून उजवीकडे नीट बघून घेतली.

"मंग," ते म्हणाले, "आलो की."

यानंतर समितीने दोन तास चर्चा केली. महादूचं म्हणणं पडलं की चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला जर मिसच्या नुसत्या नमुन्यावरून इतकं येतं, तर मिस शिकवतात बरं. सुमित म्हणाला की ज्याचा अर्थ लिहिणाऱ्यालाच कळत नाही, ते शिकवून उपयोग काय? त्यावर मोठ्या मॅडम म्हणाल्या, समिती जे ठरवेल ते. बाळारामशेठ मात्र फळ्याकडे बघत होते.

चहा आला तेव्हा ते मिसना शटरच्या बाहेर घेऊन गेले. दाजींचे कान गाडी मागे घेण्यात तयार झालेले, त्यांना ऐकू आलं.

"मिस, 'बाळाराम' असं एका दमात लिवायचं म्हटलं तर किती दिवस लागतील?"

"सही?"

"हळू बोला. काय होतं, बत्तीस पानं असतात. कंपनीचा साहेब सर्र सर्र करून मोकळा होतो. मी ब ला काना देतो, मंग ळ ला काना देतो, मंग र ला. तो चहा पिऊन बिस्किट खाऊन माझ्याकडे बघत बसतो. वाटतं, जमीन माझी आणि घाई त्याला."

"दोन महिने," मिस म्हणाल्या. "पण तास राहिले तर."

ठराव झाला तो असा. शाळेत कम्प्युटर आणावेत. मात्र अकरा ते दोन लोडशेडिंग असल्याने त्या वेळेत कम्प्युटरच्या खोलीत कर्सिव्ह घ्यावं, कारण त्याला लाइट लागत नाही. त्याखेरीज दर शनिवारी समितीच्या सभासदांनी शाळेच्या कामकाजावर देखरेख करण्यासाठी, येताना पेन घेऊन, एक तास हॉलमध्ये बसावं. देखरेखीच्या वेळी शटर खाली असावं. ठरावाखाली तिघांनी सह्या केल्या, दाजींनी अंगठा दिला.

कम्प्युटर पाच आले. मुलं त्यांच्यावरच्या प्लास्टिकच्या कव्हरांवर वह्या टेकवून लिहू लागली. उंची बरोबर बसत होती.

दाजींना मिसनी त्यांची स्वतःची वही दिली. लेबलावर नाव घातलं. इयत्तेच्या जागी काय लिहायचं यावर थोडा विचार करून त्यांनी ती जागा मोकळी सोडली. पहिल्या आठवड्याची बारा ओळींची दोन पानं तपासून परत आली, तेव्हा खाली लाल शाईत काहीतरी होतं. दाजी आता शहाणे झाले होते. त्यांनी ते उतरवलं नाही. ऋतिकाला हाक मारली.

"हे काय लिवलंय बघ."

ऋतिकाने हात पुढे केला. दाजींनी कुरकुऱ्यांचं पाकीट दिलं. तिने वाचलं.

"अक्षर उत्तम. आता वाचायलाही शिका. पालकांची सही आणावी."

"पालक म्हंजे?"

"घरातलं कोणीतरी मोठं. शिक्षणाकडे लक्ष देणारं."

"माझा अंगठा घ्या," स्वयंपाकघरातून राहीबाई म्हणाल्या.

"अंगठा न्हाय चालत," दाजी म्हणाले. "शाळेत सही लागते."

भावेश भिवंडीला गेला होता, करिष्मा झोपली होती. दाजींनी इकडेतिकडे बघितलं आणि पेनचं टोपण काढून ते नातीपुढे धरलं. ऋतिकाने बोटं फ्रॉकला पुसली आणि लाल शेऱ्याखाली आपलं नाव घातलं. सहा सुटी अक्षरं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, पण कोणालाही वाचता येतील अशी. शेवटचं अक्षर रेघ सोडून खाली उतरलं होतं.

दाजींनी वही डोळ्यांजवळ धरली. बोट त्या शेवटच्या अक्षरावर गेलं. "हे जरा वर घ्यायचं व्हतं. आणि जोडून—"

"आजोबा," पाकीट फोडत ऋतिका म्हणाली, "पालकांना कोण शिकवत नसतं."